ऐकणाऱ्याची साक्ष

गाण्याविषयी कुणी मनापासून बोलू लागलं की त्याला गप्प करायच्या दोन रीती आहेत. पहिली जाणकारांची. "राग ओळखता येतो का? सम कळते का? मग कशाला बोलता?" दुसरी वरवर उदार दिसते. "तुम्हाला आवडलं ना? छान. ज्याची त्याची आवड." पहिलीत अपमान असतो, म्हणून ती लगेच बोचते. दुसरी बोचत नाही, पण बोलणाऱ्याचं बोलणं तीही तिथेच संपवते. तुमचं ऐकणं तुमच्यापाशी ठेवा, बाकीच्यांना त्याचं काही देणंघेणं नाही, असंच दोन्ही बाजू सांगत असतात.

मला हे दोन्ही मान्य नाही. ध्वनिमुद्रण ऐकून एखाद्याला जे वाटतं ते त्याचं स्वतःचं असतं, आणि तरीही ते चारचौघांत मांडण्याजोगं असतं. ती साक्ष असते. साक्ष म्हटली की जबाबदारी आली, उलटतपासणी आली, दुसऱ्याची वेगळी साक्ष आली. संगीताच्या व्यवहारात या साक्षीला मानाची जागा हवी. आज ती जागा आक्रसत चालली आहे. त्यात जाणकारांच्या दरडावणीचा वाटा आहेच, पण इंटरनेटवरच्या ज्या सेवांवरून आपण आता बहुतेक संगीत ऐकतो त्यांच्या बेपर्वाईचा वाटा त्याहून मोठा आहे.

ध्वनिमुद्रण नव्हतं तेव्हाची स्थिती आठवून पाहा. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याआधीचं सगळं गाणं-वाजवणं हवेत विरून गेलं, आणि नंतरचंही सगळं हाती लागलं असं नाही. पियानोवादक आणि रचनाकार फ्रान्झ लिस्ट १८८६ मध्ये गेला. त्याचा हात पियानोवर कसा पडायचा हे सांगायला फक्त ऐकणारे उरले. गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांची तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचीही नाही. शिष्यांच्या गळ्यात जे उतरलं ते सोडलं, तर या माणसांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते ऐकणाऱ्यांच्या शब्दांतून.

या शब्दांत दर्जाचा फरक फार ठळक दिसतो. 'साक्षात गंधर्व', 'सभा मंत्रमुग्ध झाली', 'काळ थांबला' असं लिहिणारे पुष्कळ होते. त्यांच्या लिहिण्यातून आज आपल्याला एक सूरही ऐकू येत नाही. ज्यांनी लयीशी चाललेली झटापट टिपली, समेआधीचं वळण टिपलं, तान कुठून उचलली आणि कुठे सोडली हे सांगितलं, त्यांच्यामुळे काहीतरी कानाशी येतं. गोविंदराव टेंबे यांनी अल्लादियाखाँसाहेबांविषयी लिहिलेलं आजही वाचावंसं वाटतं ते याचमुळे. टेंबे स्वतः हार्मोनियम वाजवत, नाटकांच्या चाली करत, हे खरं. पण त्या लिखाणात ते मुख्यतः समोर बसून ऐकणारे गृहस्थ आहेत. त्यांना काय झालं आणि गाण्यात नेमकं काय घडलं म्हणून झालं, या दोन गोष्टी ते एकमेकींपासून सुटू देत नाहीत.

ध्वनिमुद्रण आलं आणि या साक्षीचं स्वरूपच पालटलं. फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानला ऑपेरा-गायक एन्रिको करुसोचा आवाज मुद्रित करत होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कलकत्त्यात गायिका गौहर जानसमोर कर्णा मांडून बसला होता. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांमुळे पहिल्यांदाच असं झालं की एका माणसाने जे ऐकलं तेच, सुरासुरासकट तेच, दुसरा माणूस वीस वर्षांनी दुसऱ्या खंडात ऐकू शकतो. म्हणजे माझं म्हणणं आता तपासता येतं. मी म्हणालो की अमुक ठिकाणी आवाज थरथरला, तर तुम्ही तिथे सुई ठेवून मला खोटं पाडू शकता. मैफलीविषयीच्या आठवणीला ही सोय नव्हती. 'ज्याची त्याची आवड' म्हणणाऱ्यांनी या बदलाची दखलच घेतलेली नाही. ध्वनिमुद्रणाविषयीची आवड अशी चार भिंतींत कोंडून राहूच शकत नाही, कारण जिच्यावरून ती उमटली ती वस्तू सगळ्यांसमोर आहे.

मला ज्या उदाहरणाकडे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते पियानोवादक ग्लेन गूल्डचं. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', म्हणजे सुरुवातीच्या एका आरियावर, एका संथ रचनेवर, बांधलेली तीस रूपं, त्याने १९५५ मध्ये मुद्रित केल्या, आणि पुन्हा १९८१ मध्ये. पहिलं वादन साधारण ३८ मिनिटांत संपतं, दुसऱ्याला ५१ मिनिटं लागतात. दुसऱ्या वेळी काही भाग दोनदा वाजवले हे एक कारण, पण लयही बदलली आहे. सुरुवातीचा आरिया पहिल्या मुद्रणात दोन मिनिटांच्या आत उरकतो, दुसऱ्यात तो तीन मिनिटांच्या पुढे जातो. सगळंच सावकाश झालं असं म्हणून आपण मोकळे होणार, तोच पंचविसावी व्हेरिएशन येते. एकूण तिसांतली ही सर्वांत विलापी, आणि नेमकी तीच १९८१ मध्ये आधीपेक्षा थोडी लवकर संपते.

मला १९५५ ची पंचविसावी जास्त जवळची वाटते. तिथे सूर एकमेकांना धरून ठेवतात, सोडवत नाही म्हणून रेंगाळतात, आणि तो रेंगाळणारा हात तरुण माणसाचा आहे हे ऐकू येतं. १९८१ मध्ये तेच सूर सरळ पाठीने चालतात. दुःख तिथेही आहे, पण ते कुणाच्या खांद्यावर डोकं टेकत नाही. आता गंमत पाहा. खुद्द गूल्डला आपलं जुनं वादन पुढे खटकू लागलं होतं. ती पंचविसावी त्याला शॉपँच्या नोक्टर्नसारखी, म्हणजे रात्रीच्या हळव्या पियानो-रचनेसारखी, वाटे, आणि हे तो कौतुकाने म्हणत नव्हता. मग मी चुकलो का? वाजवणाऱ्यानेच जे नाकारलं त्याला मी कवटाळून बसलो आहे. मला वाटतं, नाही. आपलीच तबकडी सव्वीस वर्षांनी ऐकणारा गूल्ड त्या क्षणी माझ्याच ओळीत बसलेला श्रोता आहे. त्याचं ज्ञान माझ्याहून कितीतरी मोठं आहे, पण त्याचाही प्रतिसाद व्यक्तिगतच आहे, वय वाढलेल्या आणि अभिरुची कठोर झालेल्या एका माणसाचा. त्याच्या आक्षेपामुळे मला ऐकावं लागतं. नोक्टर्नसारखं म्हणजे कुठे, कोणत्या सुरावर, हे शोधावं लागतं. शोधल्यावर मला त्याचं म्हणणं पटतं, आणि माझं प्रेम शाबूत राहतं. प्रेमाचं कारण मात्र आता मला आधीपेक्षा नीट सांगता येतं. इतका लाभ मला दोन्ही जुन्या रीतींनी दिला नसता.

माणसामाणसांत फरक असतो हे मी नाकारत नाही. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झॅटोर या माँट्रियलच्या संशोधकांनी २००१ मध्ये अंगावर शहारा आणणाऱ्या संगीताचा मेंदूवर होणारा परिणाम तपासला. त्यांनी संगीत स्वतः निवडलं नाही. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला आपल्याला शहारे आणणारं संगीत घेऊन यायला सांगितलं. मग एकाने आणलेलं संगीत दुसऱ्यावरच्या तुलनेच्या चाचणीत वापरलं, कारण एकाचा शहारा दुसऱ्याचा नसतो हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. ज्याचं त्याला ते ऐकवल्यावर मेंदूचे तेच भाग जागे झाले जे भुकेला अन्न मिळाल्यावर होतात. फरक आहे, आणि तो शरीरात खोलवर आहे. पण म्हणून संवाद संपतो, हा निष्कर्ष कुठून येतो? तुम्हाला जिथे शहारा येतो तिथे मला येत नाही, हे कळल्यावरच तर बोलण्यासारखं काही सुरू होतं. एकमत असलं असतं तर नुसत्या माना डोलावून उठलो असतो.

व्यक्तिगत प्रतिसादाविरुद्धचा सर्वांत जड पुरावा मात्र वेगळाच आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. जॉयस हॅटो या ब्रिटिश पियानोवादिकेच्या नावावर तिच्या उतारवयात शंभराहून अधिक सीडी निघाल्या. ती आजारी होती, अनेक वर्षं मंचावर आलेली नव्हती, आणि घरात बसून पियानोसाठी लिहिलेलं जवळजवळ सगळं वाङ्मय मुद्रित करते आहे असं सांगितलं जात होतं. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. २००६ मध्ये ती गेली. २००७ च्या सुरुवातीला एका श्रोत्याने तिची लिस्टची सीडी संगणकात घातली, तर संगणकाने वादकाचं नाव भलतंच दाखवलं: लास्लो सिमोन. ध्वनिलहरी ताडून पाहिल्यावर कळलं की वादन खरोखर सिमोनचंच आहे. मग एकेक करत बाकीच्या सीडी उघड्या पडल्या. दुसऱ्यांची वादनं उचलून, काहींचा वेग थोडा कमीजास्त करून, तिचा नवरा तिच्या नावावर विकत होता.

यावरून बरेच जण म्हणतात, पाहा, ऐकणाऱ्यांच्या कानावर विश्वास नको. ते नाव ऐकतात, गोष्ट ऐकतात, संगीत ऐकत नाहीत. मला या प्रकरणातून नेमकं उलटं दिसतं, पण त्यासाठी तेव्हाच्या कौतुकातली दोन प्रकारची वाक्यं वेगळी करावी लागतात. आजाराशी झुंजणाऱ्या आत्म्याचा सच्चेपणा, एकांतात पिकलेलं शहाणपण, अशी जी वाक्यं कुणी लिहिली ती त्या दिवशी कोसळली, कारण ती सुरांवर उभी नव्हतीच. पण डावा हात इथे किती स्वच्छ आहे, ही धाव शेवटपर्यंत कशी एका श्वासात जाते, असं जे कुणी लिहिलं असेल ते त्या दिवशीही खरं होतं आणि आजही खरं आहे. ते फक्त दुसऱ्या माणसाविषयी खरं ठरलं. फसवणुकीने वादकाचं नाव खोटं केलं, ऐकलेलं नाही. वस्तूला धरून दिलेली साक्ष टिकली, गोष्टीला धरून दिलेली बुडाली. आणि हेही विसरू नये की उलगडा सुरू झाला तो सीडी विकत घेऊन ऐकणाऱ्या एका साध्या माणसापासून. कुठल्या विद्यापीठातून किंवा संपादकीय कचेरीतून नव्हे.

गोष्टीपासून कान सोडवणं सोपं नाही, हे मान्य. कुमार गंधर्वांचं गाणं ऐकताना मला हे नेहमी जाणवतं. ऐन तारुण्यात क्षयाने त्यांना गाठलं, काही वर्षं गाता आलं नाही, एक फुप्फुस जवळपास निकामी झालं, आणि मग ते पुन्हा उभे राहिले. ही हकीगत आपल्याकडे ज्याला-त्याला ठाऊक आहे. त्यामुळे त्यांची तुटक, आखूड वाक्यं ऐकली की श्वास पुरत नसेल म्हणून असं गातात, हा विचार आपोआप येतो. मलाही येतो. पण मग त्यांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ऐकावा. तिथे ते असे लागतात, इतका वेळ स्वच्छ उभे राहतात, की श्वास हेच सगळं कारण असतं तर हे कसं जमलं असतं, असा प्रश्न पडतो. मग आखूड वाक्यं वेगळी ऐकू येऊ लागतात. सूर टाकून मागे सरायचं, राहिलेलं ऐकणाऱ्याच्या मनात पुरं होऊ द्यायचं, ही निवड वाटू लागते. आजाराने त्या निवडीकडे ढकललं असेलही. मी तो भाग नाकारत नाही. मी इतकंच म्हणतो की हकीगत ऐकण्याआधी येऊन बसली होती, आणि तिला बाजूला सारायला मला त्याच ध्वनिमुद्रणाने मदत केली. निर्गुणी भजनांत ते 'हंस अकेला' म्हणतात तिथे मला जो एकटेपणा ऐकू येतो, त्यातला किती त्यांच्या चरित्राचा आणि किती त्या रिकाम्या सोडलेल्या जागेचा, हा हिशेब मी अजून करतो आहे. तो हिशेब उघडपणे मांडणं हेच मला प्रामाणिक श्रोत्याचं काम वाटतं. आठवणी, आयुष्यातले प्रसंग, चरित्र यांना हद्दपार करायची गरज नाही. त्यांना सुरांच्या नावावर खपवू नये, म्हणजे झालं.

आता जाणकारांविषयी. ज्ञानाचं मोल मी कमी लेखत नाही, आणि श्रोत्याने अडाणी राहावं असंही माझं म्हणणं नाही. क्रम कोणता, इतकाच वाद आहे. अमीर खाँसाहेबांचा राग मारवा घ्या, 'पिया मोरे अनत देस'. कसलंही शिक्षण नसलेला माणूस तो ऐकून म्हणतो की फार अस्वस्थ वाटतं, कुठे पोचल्यासारखंच होत नाही. हे वाक्य अचूक आहे. मारव्यात पंचम (प) नाही, आणि षड्जही शक्य तितका टाळतात. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्यावरच सगळा भार. ज्या सुरावर परतून कान विसावतो तोच सूर गायक हातचा राखून ठेवतो, आणि खाँसाहेबांच्या त्या संथ झुमरा तालात तर हे राखणं किती लांबतं! जाणकाराने ही माहिती पुरवली की श्रोत्याला आपल्या अस्वस्थतेचं कारण मिळतं, आणि पुढच्या वेळी तो षड्जाची वाट डोळसपणे पाहतो. पण जाणकाराने आधीच विचारलं की 'मारव्याचे वर्ज्य, म्हणजे न घ्यायचे, स्वर सांगा, मग बोला', तर ते अचूक वाक्य तोंडातच राहतं. आणि वर्ज्य स्वर पाठ असलेल्या कित्येकांना ती अस्वस्थता कधी शिवलेलीही नसते.

शिवाय जाणकारांचे कान बाहेरच्या गोष्टींनी भुलत नाहीत, असं समजायचं कारण नाही. चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीत स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांचे तुकडे दिले आणि जिंकलं कोण ते ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकून ओळखणाऱ्यांपेक्षा आवाज बंद ठेवून नुसतं चित्र पाहणाऱ्यांना विजेता जास्त वेळा ओळखता आला, आणि हे नवख्यांच्या बाबतीत जितकं खरं ठरलं तितकंच व्यावसायिक संगीतकारांच्या बाबतीतही. म्हणजे स्पर्धेतले परीक्षकही डोळ्यांनी बरंच काही ठरवत असावेत. ध्वनिमुद्रणाने डोळ्यांना सुट्टी दिली, हा त्याचा एक मोठा उपकार मी मानतो.

प्रत्यक्ष मैफलीची सर ध्वनिमुद्रणाला नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. समोर बसून ऐकण्यात जे आहे ते तबकडीत नाही. पण याच लोकांनी मैफलीची मुद्रणं नीट ऐकावीत. एखादी जागा लागते आणि मागून कुणाचा तरी 'वा!' उमटतो. ज्याने ती दाद दिली त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तो बहुधा आता या जगातही नाही. पण त्याचा प्रतिसाद गाण्याबरोबर कायमचा मुद्रित झाला, आणि कित्येकदा ऐकू येतं की त्या दादेनंतर गायक तीच जागा आणखी धीटपणे घेतो. श्रोत्याच्या व्यक्तिगत प्रतिसादाला संगीतात काय स्थान, असं विचारणाऱ्याला उत्तर त्या फितीवरच आहे. गाणं घडवण्यात तो हात लावतो. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण मुकं असतं ते या अर्थाने, आणि म्हणूनच घरी एकट्याने ऐकणाऱ्याने आपली दाद लिहून, बोलून कुठेतरी पोचवावी असं मला वाटतं.

श्रोत्याने आणखी एक पथ्य पाळायला हवं. यंत्राचं यंत्राच्या पदरात आणि कलावंताचं कलावंताच्या पदरात टाकायला हवं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. कर्ण्याला जे ऐकू येई तेच मेणावर उतरे, तानपुऱ्यासारखा नाजूक नाद बहुतेक हरवे. तीन मिनिटांत ख्याल बसवायचा म्हणजे आलापीला कात्री लागणारच. तेव्हा जुन्या तबकडीवरून 'ही मंडळी घाईने गात' असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. नव्या काळातही यंत्र कानाला फसवतं. जाझवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना मुद्रित करताना टेप किंचित हळू फिरली. त्यामुळे तबकडीवर त्या किंचित चढ्या सुरात आणि किंचित जलद वाजत. १९९० च्या दशकात नव्या आवृत्तीत हे दुरुस्त होईपर्यंत दोन पिढ्यांनी त्यांच्यावर त्या चढ्या सुरातच प्रेम केलं. ते प्रेम खोटं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. पण कोणती आवृत्ती ऐकून बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय आता त्या तीन रचनांच्या सुराविषयी वाद घालता येत नाही.

आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. कोणती आवृत्ती, कोणतं वर्ष, संगतीला कोण, हे कळायची सोयच आपल्या हातून काढून घेतली जात आहे. गौहर जान आपल्या तबकड्यांच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत असे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या लोकांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. तीन मिनिटांतली काही मोलाची सेकंदं नावासाठी खर्च करणं तेव्हा गरजेचं वाटलं. आज जागेचा तुटवडा मुळीच नाही, तरी एखाद्या सेवेवर राग भूप शोधला तर एकाच गायिकेचे तीन-चार भूप एकाच नावाने, एकाच छायाचित्राखाली सापडतात. वर्ष दिलं असेल तर बहुधा पुनर्प्रकाशनाचं, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं कालचं दिसतं. तबल्यावर कोण, हार्मोनियम किंवा सारंगी कुणाची, बहुतेकदा पत्ता नाही. एलपीच्या पाकिटावर हे पुष्कळदा छापलेलं असे, सोबत रागाविषयी चार ओळीही असत. ते पाकीट गेलं आणि त्याच्याबरोबर ओळखही गेली.

पाश्चात्त्य संगीताची स्थिती काहीशी बरी आहे, पण तिथेही एका सिम्फनीचे चार तुकडे चार गाण्यांसारखे पसरलेले आढळतात. त्यांच्या मधेच दुसरं काहीतरी येऊन पडतं. वर 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी', 'शांत सकाळ' अशा याद्या. संगीत ऐकून झोप लागली तर लागू दे, त्यात वाईट काही नाही. पण ध्वनिमुद्रणाची ओळख पुसून त्याला फक्त मनःस्थितीचं लेबल लावलं, की श्रोत्याला म्हणायला एवढंच उरतं की बरं वाटलं. 'कुणाचं ऐकून बरं वाटलं, कोणत्या जागेवर?' हे विचारायची सोय राहत नाही. ऐकणाऱ्याची साक्ष अशाने मुळातच खुडली जाते.

स्पॉटिफायसारख्या सेवेवर तीस सेकंद वाजलं की ते 'ऐकलं' असं मोजतात. तीस सेकंदांत अमीर खाँसाहेबांच्या झुमऱ्याचं एक आवर्तन, तालाचा एक फेराही, पुरं होत नाही. समेवर पोचायच्या आत ज्याची 'ऐकला' म्हणून नोंद झाली, त्याच्या नोंदीला मी प्रतिसाद म्हणू शकत नाही. तरी लोकांना काय आवडतं याचा निवाडा आज अशा नोंदींवरून होतो, आणि पुढे कुणाला काय ऐकवायचं तेही त्यांवरूनच ठरतं. या आकड्यांच्या जागी मला माणसांची वाक्यं हवी आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवर पाठवायच्या तबकडीसाठी साऱ्या पृथ्वीवरचं संगीत निवडायचं होतं, तेव्हा भारताच्या वतीने केसरबाई केरकरांची भैरवी गेली, 'जात कहाँ हो'. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने तिचा आग्रह धरला होता. किती लोकांनी ती ऐकली, असं कुणी मोजलं नव्हतं. एका माणसाच्या कानाने ती उचलली, त्याने आपली पसंती दुसऱ्यांपुढे ठामपणे मांडली आणि त्यांनी ती ऐकून मानली.

तेव्हा मागणं साधं आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत मुद्रणाचं वर्ष द्या, पुनर्प्रकाशनाचं वेगळं लिहा. स्थळ द्या, मैफल की स्टुडिओ ते सांगा. संगतकारांची नावं द्या, कारण विलंबितात गायकाला उचलून धरणारा ठेका कुणाचा आहे हे माहीत असण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे आणि आपलं नाव तिथे असण्याचा हक्क त्या वादकालाही आहे. नव्या मुद्रणांसाठी हे आजपासून करता येईल. जुन्यांसाठी काम अवघड आहे, पण त्यातलं पुष्कळसं झालेलं आहे, आणि ते बहुतांशी हौशी लोकांनी केलेलं आहे. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने भारतातल्या सुरुवातीच्या ग्रामोफोन मुद्रणांच्या क्रमांकवार याद्या केल्या. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून तबकड्यांवरचे क्रमांक, नावं, साल जुळवत आली आहे. तबकडीवर उमटलेला बारीक आकडा भिंगातून वाचून साल ठरवणारी ही माणसं. यांतल्या फार थोड्यांनी गाण्याची तालीम घेतली असेल. त्यांना एक आवाज आवडला, तो कुणाचा आणि कधीचा हे कळल्याशिवाय चैन पडेना, आणि त्या ओढीतून या याद्या झाल्या. आज हे संगीत लाखोंना ऐकवणाऱ्या कंपन्यांनी त्या याद्या मागून घ्याव्यात, त्या करणाऱ्यांना त्यांचा मोबदला द्यावा, आणि गाण्याखाली ती माहिती ठळक छापावी.

ऐकणाऱ्यांनीही मग 'मारवा ऐकला, फार आवडला' एवढ्यावर थांबू नये. कुणाचा, केव्हाचा, किती वेळ ऐकल्यावर काय झालं, हे लिहावं. मला त्याहून वेगळं वाटलं, तर मी तेच ध्वनिमुद्रण लावेन आणि कुठे ते सांगेन.